पारव्याच्या आजारी पिलांचें संगोपन

विहिरीचा गाळ काढतांना, जुन्या वाड्याचें छप्पर उतरवितांना किंवा वादळानंतर पारव्याचीं पिलें हातीं येणें, हा प्रसंग बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं केव्हांना केव्हां येतो. मुलें तीं पिलें घरांत आणतात, घरची मंडळी दयाबुद्धीनें त्यांस दूध पाजतात, आणि दुसरे दिवशीं पिलूं मेलेलें आढळतें. त्याचें आयुष्यच तेवढें होतें, असें म्हणून आपण विषय संपवितों. वास्तविक पुष्कळदां तें आजारानें मरत नसून आपल्या उपचारानें मरतें. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. हा अपराध आमचेच हातून घडला आहे.

सन २०२४ च्या मे महिन्यांत आमच्या मळ्यांतील विहिरीची दुरुस्ती चालू असतां कपारींतील घरटें ढासळलें व गड्यांनीं दोन पिलें वर आणलीं. पिसें अर्धवट फुटलेलीं, अंग थंडगार. जें अधिक मलूल दिसलें त्याची चोंच उघडून आम्हीं चमच्यानें दूध ओतलें. त्यानें दोनदां मान झटकली, श्वास घरघरूं लागला, आणि दिवेलागणीपूर्वीं तें गेलें. दुसऱ्यास पाजावयास हात उचलेना. तें घेऊन आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों. तेथें जें कळलें व पुढें पांच आठवडे जें अनुभवास आलें, तें येथें क्रमवार देत आहों.

प्रथम घरटें पाहावें. पिलूं धडधाकट असून घरटें शाबूत असेल, तर त्यास परत तेथेंच ठेवावें. माणसाचा हात लागल्यास आईबाप पिलूं टाकतात, हा समज खरा नाहीं. घरटें मोडलें असेल किंवा पिलूं आजारी असेल, तरच घरीं आणावें.

दुसरी गोष्ट ऊब. थंड पिलास कांहींही भरवूं नये, कारण अंग गार असतां अन्न पचत नाहीं व आंतच नासतें. खोक्यांत जुनें फडकें अंथरून, ऊन पाण्याची बाटली कापडांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उष्मा अधिक झाल्यास पिलूं सरकूं शकेल. पिसें न फुटलेल्या पिलास सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिसें येतील तशी ती कमी करावी.

तिसरी गोष्ट पाणी. अंग उबदार झाल्यावर जलसंजीवनी द्यावी. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें तिचें प्रमाण होय. पाणी कधींही घशांत ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें, आणि आमचें पहिलें पिलूं असेंच गेलें. पारवा मान वर न करतां चोंच बुडवून पाणी ओढून पितो. म्हणून वाटींत चोंचीचें टोंक तेवढें बुडवावें, नाकपुड्या बुडूं देऊं नयेत.

चौथी गोष्ट अन्न. चिमणीच्या पिलाप्रमाणें हें पिलूं चोंच वासून घांस मागत नाहीं. तें आपली चोंच आईबापांच्या चोंचींत घालतें. पहिले कांहीं दिवस नर व मादी दोघेंही आपल्या गळ्यांतील पिशवींत तयार होणारा दह्यासारखा रस त्यास देतात. त्यास कबुतराचें दूध म्हणतात, परंतु गाईम्हशीच्या दुधाशीं त्याचें कांहीं साम्य नाहीं. यास्तव दूध, पाव अथवा दूधभाकरी देऊं नये. डोळे न उघडलेलें पिलूं वांचविणें कठीण. तें डॉक्टरांकडेच न्यावें. दहा-बारा दिवसांवरील पिलास हिरवा मटार कोमट पाण्यांत मऊ करून, एकेक दाणा जिभेच्या मागें ठेवून भरवावा. गळ्याखालची पिशवी मऊ भरली कीं थांबावें. ती जवळजवळ रिकामी झाल्याशिवाय पुन्हां देऊं नये. सकाळीं ती फुगलेली, कडक किंवा आंबट वासाची आढळल्यास भरविणें बंद करून दवाखाना गांठावा.

पांचवी गोष्ट नोंद. महसुली कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. पाहणी करून नोंद न केल्यास ती झालीच नाहीं, असें आम्ही मानीत आलों. तीच संवय येथें उपयोगी पडली. रोज सकाळीं भरविण्यापूर्वीं आम्ही पिलूं स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलून वजन व विष्ठेचा रंग वहींत मांडीत असूं. पहिले दिवशीं वजन १७० ग्रॅम होतें. दहावे दिवशीं २२८ झालें. पुढील दोन दिवसांत तें २११ वर उतरलें. पिलूं पंख फडफडवीत होतें, वरून कांहीं दिसत नव्हतें. परंतु वही खोटें बोलत नाहीं. निरखून पाहतां चोंचीच्या कोपऱ्यांत दोन बारीक फोड आढळले. ती देवी होती.

देवी डांसांमुळें पसरते. तिच्यावर नेमकें औषध नाहीं. खपल्या न खरवडतां पिलूं स्वच्छ ठेवल्यास तीन-चार आठवड्यांत बहुधा बरें होतें. आम्हीं खोक्यावर मच्छरदाणीचें कापड घातलें व घांस लहान करून वेळा वाढविल्या. घशांत पिवळा, पनिरासारखा थर दिसल्यास तो निराळा रोग होय. तो खरवडल्यास रक्तस्राव होतो. त्यावर डॉक्टरांचें औषध चालतें, अंदाजानें दिलेलें चालत नाहीं. मान पिळवटणें, दाणा टिपतांना नेम चुकणें, हें लक्षण कोंबड्यांच्या मानमोडीच्या जातीच्या विषाणूचें असूं शकतें. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. आणलेलें पिलूं, मग तें कसेंही दिसो, खुराड्यापासून दूर ठेवावें, त्याचीं भांडीं वेगळीं असावींत व प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावेत. विष्ठेच्या धुळीनें फुप्फुसाचे विकार होतात. सन २०२५ मध्यें मुंबईंत कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशीं हीच काळजी होती. यास्तव खोकें झाडतांना तोंडास फडकें बांधावें व विष्ठा ओली करून मगच काढावी.

पारवा आपले पेरलेले दाणे टिपतो, मग त्यास कां वांचवावें, असें कोणी विचारील. हिशेब चुकीचा नाहीं. परंतु बांधावरील होल्याचें पिलूंही याच रीतीनें जगतें. आणि आपल्या दुरुस्तीमुळें ज्याचें घर मोडलें, त्याची जबाबदारी आपलीच नव्हे काय?

पस्तिसावे दिवशीं आमचें पिलूं २९० ग्रॅम भरलें. तें ज्वारी-बाजरी स्वतः टिपूं लागलें होतें, पाणी आपलें आपण पीत होतें आणि छपरापर्यंत उडत होतें. या तीन गोष्टी जमल्याशिवाय सोडूं नये. पाऊस उघडलेल्या एका सकाळीं विहिरीवर पारव्यांचा थवा उतरला असतां आम्हीं खोकें उघडलें. तें थोडा वेळ काठावर बसलें व मग थव्यांत मिसळलें.

पहिल्या पिलाची नोंद मात्र आमच्या वहींत नाहीं. ज्यांच्या दारीं असा जीव येईल, त्यांनीं आधीं ऊब, मग पाणी, मग अन्न हा क्रम तरी विसरूं नये, एवढीच विनंति.