सातबारावर नसलेले पणजोबा

प्रश्न : आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. पणजोबा मुंबईला गिरणीत कामाला आले आणि परळच्या चाळीतच वारले. त्यांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. गावचा सातबारा काढला, तर त्यावर पणजोबांचंही नाव नाही, भलत्याच माणसाचं आहे. आडनावावरून शोधलं, तेही जुळेना. इंग्रजांनी शिरगणतीत घरोघरची नावं लिहिली असतीलच ना? ती कुठं बघायला मिळतील?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कुठंच नाही. शिरगणतीत घरोघर जाऊन माणसं लिहून घेतली जात, पण आकडे काढून झाले की ते कागद जपून ठेवत नसत. छापून आले ते जिल्ह्यांचे, जातींचे, धंद्यांचे तक्ते. इंग्लंडातल्या माणसाला त्याचा खापरपणजोबा तिथल्या जनगणनेत सापडतो म्हणून आपलाही सापडेल, ही आशा सोडा. बराच वेळ वाचेल.

आपल्याकडे सामान्य माणसाचं नाव कागदावर चढायचं ते बहुतेक देण्याघेण्यापायी. त्यामुळे ‘पणजोबांचे वडील कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी असं विचारा, की या घराकडून कुणाला काय येणं होतं? ज्याला येणं होतं, त्याच्या वहीत नाव असणार.

तुमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, म्हणजे बहुधा खोतीचं. तिथं सरकारात सारा भरायचा खोत, आणि कूळ खोताला द्यायचं पिकाचा हिस्सा, कुठं अर्धेल तर कुठं तिर्धेल. सरकारला खोताशी मतलब, कुळाचं नाव त्याला कशाला हवं? देशावरच्या खातेदाराचा माग जितका सरळ लागतो, तितका कोकणातल्या कुळाचा लागत नाही, त्याचं कारण हे. पण पुढे कायद्यांनीच कुळांची नावं लिहायला लावली, आणि तुमचं काम तिथंच होण्यासारखं आहे.

अलीकडून मागं जा. सातबारावरच्या त्या ‘भलत्या’ माणसाच्या नावापुढं किंवा जुन्या उताऱ्यात ए.कु.मॅ. अशी अक्षरं आहेत का, ते बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. भावाभावांची जमीन एकत्र असली की नाव लागायचं ते गावात राहून कसणाऱ्याचं. गिरणीत गेलेला भाऊ मनिऑर्डर पाठवायचा, पण उताऱ्यावर बऱ्याचदा नसायचा. माझा अंदाज, हा भलता माणूस तुमचा चुलत पणजोबा आहे. दुसरी अक्षरं अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान असताना बाप गेला की हे लागतं, आणि तिथं पुष्कळदा आईचं नाव असतं. वंशावळीत बायकांना जागा नसते. जुन्या कागदांत त्या भेटतात त्या बहुधा अशाच, पालनकर्ती म्हणून नाहीतर विधवा वारस म्हणून.

सातबारावर वर्तुळात फेरफाराचे नंबर असतात. ते धरून एकेक फेरफार काढत मागं जा. वारस फेरफारात ‘मयत अमुक बिन तमुक’ असं लिहिलेलं सापडलं, की तो ‘तमुक’ म्हणजे तुम्ही शोधताय तो माणूस. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे ही वाट साधारण तिथपर्यंत नेते. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आलेत, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

याच कक्षात कूळ कायद्याच्या कलम ३२ग च्या फायली मागा. १९४८च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ रोजी कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं आणि किंमत ठरवायला सुनावण्या झाल्या. त्यात कुळाचा जबाब असतो. जमीन बापाच्या वेळेपासून कसतो की आज्याच्या, हे कधीकधी त्याच्याच तोंडून येतं. माझ्या मते घराण्याच्या इतिहासासाठी हा सगळ्यांत दुर्लक्षित कागद आहे.

त्याच्याही मागं जायचं तर बोटखत. १८८०च्या खोती सेटलमेंट कायद्याखाली खोती गावांत कोण कुठली जमीन कसतो आणि खोताला काय देतो, हे लिहिलं गेलं, ते हे. इथं आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. त्या काळी नाव, बापाचं नाव आणि जात लिहीत. आडनाव पुष्कळदा नसेच, किंवा मुंबईत गेल्यावर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेलं असे. तेव्हा वाडीचं नाव आणि जुना सर्व्हे नंबर घेऊन जा. शिवाय नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच घरात दोन धोंडू निघतात. साल न बघता त्यांना एक समजू नका.

जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक. लोक त्यात पणजोबांचं नाव शोधतात आणि निराश होतात, कारण जन्मनोंद बारशाच्या आधीची. बाळाचं नाव नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. नाव असतं बापाचं, आणि तुम्हाला हवा आहे बापच! पणजोबांच्या कुठल्याही भावंडाची नोंद चालेल. मृत्यूच्या नोंदीतलं वय मात्र अंदाजाचं धरा. पंचेचाळीस, पन्नास असे गोल आकडे दिसले की पाच-सात वर्षं इकडंतिकडं बघावं.

यातलं जुनं लिखाण मोडीत असणार. २०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत असे मोडी कागद चाळले गेले आणि त्यांतले बरेच स्कॅन होऊन जिल्हा संकेतस्थळांवर आले. आरक्षणाबद्दल मत काही असो, वंशावळ शोधणाऱ्यांचं काम त्यानं सोपं केलं. तीन-चार ओळी असतील तर मोडी जाणणारा गाठून वाचून घ्या, जास्त असतील तर पुराभिलेख संचालनालयाचा मोडी वर्ग करा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्याही आहेत. घरातलं कुणी वारीला किंवा श्राद्धाला गेलं असेल तर बघाव्यात, पण गावाचं जुनं नाव आणि जात सांगता आली पाहिजे. पुण्याच्या पेशवे दफ्तराच्या मात्र एवढ्यात वाटेला जाऊ नका. पानिपतावर लढलेला पूर्वज सगळ्यांनाच हवा असतो. तिर्धेल भरणारा कुणालाच नको असतो, आणि सापडतो तो बहुतेक हाच.

बोटखताच्या पलीकडं सरकारी कागद कुळाबद्दल फारसं बोलत नाहीत. तिथून पुढची वही खोताच्या घरात. त्यांचे वारस गावात असले तर शिमग्याला जा, मुंबईकर भाऊबंदही तेव्हा गावात असतात. मात्र खोताच्या घरी भेटायला जाताना सातबारा बाहेर काढू नका. जुन्या जमिनीचा दावा घेऊन आलात असं वाटलं, तर वही माळ्यावरून खाली येणार नाही.