टाइमआउटला सिद्धता म्हणू नका

महापेतल्या आमच्या टीमकडे न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डाचं गेट सॉफ्टवेअर होतं. कंटेनर नंबर तपासणारा जुना कोड बरोबर आहे, हे झेड-थ्री या अटी तपासणाऱ्या सॉल्व्हर प्रोग्रामकडून सिद्ध करून घ्यायचं ठरलं. ती स्क्रिप्ट टीम लीडनं लिहिली. मी रिव्ह्यूतच विचारलं होतं, ‘‘टाइमआउट झाला तर काय?’’ उत्तर मिळालं, ‘‘डेमो गुरुवारी आहे.’’

कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चेक डिजिट. आयएसओ ६३४६ प्रमाणे पहिल्या दहा जागांच्या किमतींना १, २, ४ असं ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं. उरेल ती बाकी म्हणजे चेक डिजिट. बाकी १० उरली तर ० धरायचा. हीच शेवटची पायरी जुन्या कोडमध्ये नव्हती.

डेमोत ‘गणिती सिद्धता’ अशी स्लाइड झळकली. पुढे गेटवर धडधाकट नंबरचे कंटेनर ‘अवैध’ ठरू लागले, ट्रेलरची रांग लागली आणि सपोर्ट माझ्याकडे म्हणून जाबही मलाच विचारला गेला.

त्या रात्री लॉग उघडला. ओळीमागून ओळ ‘अननोन’. सॉल्व्हर सॅट (चूक दाखवणारं उदाहरण सापडलं), अनसॅट (असं उदाहरणच नाही) किंवा अननोन (ठरवता आलं नाही) असं उत्तर देतो; टाइमआउट झाला की अननोन येतं. स्क्रिप्टमध्ये मात्र एकच इफ: सॅट आलं तर बग, बाकी सगळं पास. सॉल्व्हरनं प्रामाणिकपणे हात टेकले होते आणि टीम लीडनं ते यश म्हणून मिरवलं! लॉग जोडून मेल केली, तर मीटिंगमध्ये ‘टूलची मर्यादा’ म्हणून विषय गुंडाळला. दिलगिरीचा एक शब्द नाही.

म्हणून सांगतो. अननोन आलं की बिल्ड फेल करा आणि सॉल्व्हरनं दिलेलं कारण छापा. नंबर अकराच जागांचा असेल तर सॉल्व्हरच्या सीक्वेन्स प्रकाराच्या वाटेला जाऊ नका, अकरा इंटिजर घ्या. सीक्वेन्सच्या अटी म्हणजे शब्दसमीकरणं; ती सोडवता येतात हे गणितज्ञ माकानिननं १९७७ मध्ये दाखवलं. त्यांत लांबीच्या अटी मिसळल्यावरही ती नेहमी सोडवता येतात का, हा प्रश्न अजून खुला आहे. सीक्वेन्स वापरायचाच असेल तर लांबी आधी बांधा. हद्दीबाहेरच्या जागेवरचा घटक मागितला तर सॉल्व्हर एरर देत नाही, सोयीची कुठलीही किंमत धरतो. अंक नसलेल्या स्ट्रिंगचा आकडा मागितला तर −१ येतो.

कोडमध्ये मुद्दाम एक चूक पेरून बघा. ती सापडली नाही तर तुमची तपासणी कुचकामी. डॉक्युमेंटेशन वाचा, घाई करू नका. आणि रिव्ह्यूतला आक्षेप तोंडी ठेवू नका, लेखी नोंदवा. माझा तोंडी होता, म्हणून तो कुणालाच आठवला नाही.