घरच्या अंगणातील लोहारभट्टी

मृग नक्षत्र तोंडावर आले की गावच्या लोहाराच्या भात्याला उसंत नसे. नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळे, खुरपी पाजवून देणे हे बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या लोहाराचे काम. त्याचा मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे. आज ती पद्धती राहिलेली नाही आणि पुष्कळशी अवजारे बाजारातून तयार येतात. तथापि धार बोथट होणे काही थांबलेले नाही. ज्या गावी भट्टी नाही, तेथील शेतकऱ्याला एका कुदळीसाठी तालुक्याची वाट धरावी लागते. पेरणीच्या दिवसांत असा हेलपाटा फार महाग पडतो. वस्तुतः लहानशी भट्टी घरीही उभारता येते.

जागा व ओटा

भट्टी राहत्या घरात किंवा गवती छपराखाली कदापि असू नये. पत्र्याचे छप्पर असलेली व बाजूंनी मोकळी शेड उत्तम. विटा व माती यांचा सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचा ओटा बांधावा. त्यावर २० ते २५ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल असा वाडग्याच्या आकाराचा खळगा करून त्यास वाळूमिश्रित चिकणमातीचा जाड लेप द्यावा. लेप सावलीत पूर्ण वाळू द्यावा व प्रथम मंद जाळ करावा. ओल राहिल्यास माती तडकते.

वाऱ्याची सोय

वारा हा भट्टीचा प्राण होय. पूर्वी चामडी भाता असे. आता हाताने फिरवावयाचा पंखा तेच काम करतो. पंख्यापासून सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी आणून तिचे तोंड खळग्याच्या तळापासून थोडे वर, बाजूने सोडावे. ही नळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. तापलेल्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. लोखंड थेट वाऱ्याच्या तोंडाशी धरू नये. तेथे ते लवकर गंजून खपल्या धरते. खाली व वर निखारे येतील असे ते ढिगाच्या मध्यावर ठेवावे.

रंगाची ओळख

लोखंड सुमारे ७०० अंश सेल्सिअसला मंद लाल, १,००० अंशांच्या आसपास नारिंगी आणि त्यापुढे पिवळे दिसते. ठोकण्याचे काम नारिंगी ते पिवळ्या रंगात करावे. रंग मावळल्यावर घाव घातल्यास पाते चिरते. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्यास लोखंड जळाले असे समजावे. हा रंग भर उन्हात ओळखता येत नाही, म्हणून भट्टीवर सावली हवी. ऐरण नसल्यास भंगार बाजारातील जाड लोखंडी ठोकळा लाकडी ओंडक्यावर पक्का बसवून चालतो.

धारेचे पाणी

साध्या मऊ लोखंडाला पाणी देऊन धार टिकत नाही, कारण त्यात कर्बाचे प्रमाण अल्प असते. मालमोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद त्यासाठी योग्य. पाते लाल करून लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंशांना चुंबक त्यास धरत नाही. त्याहून किंचित अधिक तापवून धार तेलात बुडवावी. असे पाते कठीण, पण काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून उजळ करावे व हळूहळू पुन्हा तापवावे. पृष्ठभागावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग येतो. विळ्याला तपकिरी रंगावर, घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळ्या रंगावर थांबवावे.

दक्षता

अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. म्हणून बंद खोलीत भट्टी पेटवू नये. नायलॉनचे कपडे टाळून सुती कपडे, चामडी जोडे व चष्मा वापरावा. पाण्याची व वाळूची बादली हाताशी असावी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश असून, तीत प्रशिक्षण व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य यांची तरतूद आहे. परंतु विटामातीची भट्टी आठवड्यात उभी राहते. रंग ओळखणारी नजर तयार होण्यास वर्षे लागतात. ज्या गावी जुना कारागीर अद्याप आहे, तेथील तरुणांनी त्याच्याजवळ बसून ती नजर वेळीच मिळवावी, हे अधिक अगत्याचे आहे.