पडद्यावर चित्र का उमटेना?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चे 'विक्रम' हे लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात अलगद उतरले. त्या घटनेची आठवण म्हणून २३ ऑगस्ट हा दिवस भारतात राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो.

एका शाळेत त्या दिवशी या अवतरणाची चित्रफीत दाखवण्याचे ठरले. बालवर्गातील मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसली. शाळा सुटण्यास अर्धाच तास उरला होता. लॅपटॉपवर चित्रफीत सुरू झाली. परंतु मोठ्या पडद्यावर नुसता निळा प्रकाश पडला आणि त्यात 'नो सिग्नल' ही अक्षरे उमटली. मुलांत चुळबुळ सुरू झाली.

व्यवस्थेस सातवीतील एक मुलगा व एक मुलगी होती. मुलाने घाईघाईने सगळ्या केबल उपसण्यास हात घातला.

"थांब," बाई म्हणाल्या. "चार गोष्टी एकदम बदलल्यास, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देतो का? घोडे कोठे पेंड खाते, ते आधी शोधा."

मुलगी क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. मग ती म्हणाली, "बाई, अक्षरे तर उमटली आहेत. म्हणजे प्रोजेक्टरला वीज मिळते आहे आणि त्याचा दिवाही पेटला आहे. चित्र वाटेतच कोठे तरी अडले असले पाहिजे."

तिचे अनुमान अचूक होते. प्रोजेक्टरला केबल जोडण्यासाठी एकाहून अधिक द्वारे असतात. पण एका वेळी तो एकाच द्वाराकडे लक्ष देतो. केबल एचडीएमआय द्वारात होती आणि प्रोजेक्टर मात्र जुन्या व्हीजीए द्वाराकडे डोळे लावून बसला होता. पाहुणा पुढच्या दारी आणि यजमान मागच्या दारी, असा तो प्रकार! मुलीने 'सोर्स' ही कळ दाबून योग्य द्वार निवडले. पडदा उजळला.

तरीही चित्रफीत दिसेना. लॅपटॉपच्या पार्श्वभूमीचे चित्र तेवढे दिसले. लॅपटॉपने मोठ्या पडद्याला आपली प्रतिकृती न मानता वेगळा, वाढीव पडदा मानले होते. तो लॅपटॉप विंडोज प्रणालीचा होता. त्यावर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' दाबले असता पर्यायांची यादी येते. मुलीने त्यातील 'डुप्लिकेट' निवडले. चंद्र पडद्यावर अवतरला!

परंतु आवाज कोठे होता? आता मुलाने केबलला हात लावला नाही. तो विचार करू लागला. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. व्हीजीए केबलमधून केवळ चित्र जाते. "लॅपटॉपने आवाज प्रोजेक्टरकडे धाडला असेल," तो म्हणाला, "आणि सभागृहाचे ध्वनिवर्धक तर लॅपटॉपला जोडले आहेत!" त्याने ध्वनीच्या पर्यायांत ते ध्वनिवर्धक निवडले, आणि सभागृह आवाजाने भरून गेले.

'विक्रम' चंद्रावर टेकले. बालवर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

तेव्हा बाई त्या दोघांना म्हणाल्या, "७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे लँडर उतरताना चंद्रावर आदळले होते. शास्त्रज्ञांनी दैवाला बोल लावला नाही. कोठे काय चुकले, हे त्यांनी बारकाईने शोधले. पुढच्या लँडरचे पाय बळकट केले, इंधन वाढवले आणि उतरण्यासाठी अधिक विस्तीर्ण जागा निवडली. दोष लहान असो वा मोठा, तो शोधण्याची रीत एकच."

मुलाने केबलची नीट गुंडाळी केली आणि जागच्या जागी ठेवली.

अभ्यास

१. पडद्यावरील अक्षरांवरून मुलीने कोणते अनुमान काढले?
२. मुलाच्या वागण्यात कोणता बदल झाला? तो कशावरून दिसतो?
३. 'घोडे कोठे पेंड खाते' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडल्यास दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते लिहा.