गप्पागोष्टी : एक शब्दशोध

(द्वितीय वर्ष, कला)

'तुमच्या रिकाम्या गप्पा बंद करा, मला अभ्यास करायचा आहे,' असे मी दिवाळीच्या सुटीत वडिलांना म्हणालो. संध्याकाळी धारा काढून झाल्या की आमच्या गोठ्यात शेजारची चार माणसे जमतात. पाऊसपाणी, बैलांचा बाजार, कुणाची सोयरीक असे विषय चालतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझा शब्द वजनदार ठरला. माणसे उठून गेली. वडील गप्प बसले.

'गप्पा' आणि 'गप्प'. एका कान्याचा फरक, पण अर्थ अगदी उलट! ही गोष्ट मनात सलत राहिली. कॉलेज सुरू होताच ग्रंथालयात कोश उघडून बसलो.

'गप' हा शब्द मूळचा फारसी. त्याचा तिकडचा अर्थ बोलणे, संभाषण. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तान येथे आजही साध्या बोलण्याला हाच शब्द वापरतात. त्यात रिकामपणाचा आरोप नाही. फारसीत 'गप जदन' असे म्हणतात. 'जदन' म्हणजे मारणे. आपले 'गप्पा मारणे' नेमके त्याच घडणीचे आहे! बहामनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून कित्येक शतके दरबारात फारसीचा वावर होता आणि असे शेकडो शब्द मराठीत आले. माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, यावरून त्यांची संख्या ध्यानात यावी. हिंदी-गुजरातीत या शब्दाला थापेबाजीचा वास येतो. मराठीत मात्र त्याला जिव्हाळा चिकटला. 'कोपिष्ट'च्या धर्तीवर आपण 'गप्पिष्ट' बनवला, पण त्यात राग कमी आणि कौतुकच जास्त.

आता जोडशब्दातील 'गोष्टी' पाहू. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधण्याची जागा. त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे सभा, आणि पुढे सभेतील संभाषण. आपली 'गोष्ट' तिथूनच आली. आणि आपला 'गोठा'ही त्याच 'गोष्ठा'पासून आला! म्हणजे विद्वानांची गोष्ठी आणि आमचा गोठा एकाच कुळातले. ज्या गोठ्याची मला कॉलेजात लाज वाटे, त्याचे नाव मी रोज वर्गात उच्चारत होतो.

पुढच्या सुटीत संध्याकाळी मी स्वतःच शेजारच्यांना हाका मारल्या आणि गोठ्यात बसून हे सारे सांगितले. वडील वैरण टाकता टाकता ऐकत होते. म्हणाले, ''म्हंजी तुमचं कालेज आमच्या गोठ्यातनंच निघालं म्हण की!''

सारे हसले. मग बैलांच्या बाजाराचा विषय निघाला. त्या रात्री मी पुस्तक उघडले नाही. पण अभ्यास बुडाला, असे मला वाटत नाही.