साखळी पुढच्या चाकाला

पंधरा वर्षं मी पिकअप चालवतोय. नेकनूरच्या बाजारातून जनावरं भरून मांजरसुंब्याचा घाट रात्री-अपरात्री, भर पावसात उतरलोय. त्यामुळे मागच्या जानेवारीत गुलमर्गला निघालो, तेव्हा श्रीनगरच्या विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतःच चालवत वर जायचं, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. लेकीला बर्फावर स्की शिकायची होती. मला वाटलं, घाट तो घाट.

आपल्या काळ्या रानात गाडी फसली की आपण पहिल्या गिअरमध्ये जोर देतो, चाकाखाली दगड-पाचट टाकतो, मागून चार जण ढकलतात आणि गाडी निघते. हातापायांना तेच वळण लागलेलं असतं. बर्फावर असा जोर दिला की चाक जागीच फिरतं आणि खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत होतो. तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत उचलायची असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

विमानतळापासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. मागमवरून टंगमर्गपर्यंतचा रस्ता कुणालाही जमेल असा. खरी परीक्षा त्यापुढच्या तेरा किलोमीटरच्या चढाची. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखरसुद्धा १,६४६ मीटर. बर्फ पडलेला असला की टंगमर्गला पोलीस गाड्या थांबवतात आणि चाकाला साखळी किंवा फोर बाय फोर गाडी असल्याशिवाय वर सोडत नाहीत. आम्ही पोहोचलो त्या दुपारी रस्ता साफ होता. साखळ्या डिकीत होत्या. त्या बांधून देणारी पोरं कडेला उभी होती. मी न थांबता पुढे गेलो. तिथे दहा मिनिटं थांबून, थोडे पैसे देऊन एकदा साखळी बांधताना बघितली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

२१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक चिल्लई कलान म्हणतात. थंडीचे सगळ्यात कडक दिवस. दुसऱ्या रात्री वीतभर बर्फ पडला. सकाळी हँडब्रेक सुटेना. रात्री तो ओढून ठेवला होता आणि तो गोठला होता. अशा थंडीत गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना दगड लावायचे. कसाबसा ब्रेक सुटला. मग मी साखळ्या काढल्या आणि पिकअपच्या सवयीने मागच्या चाकांना बांधल्या.

उतारावरच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळच गेली. ब्रेक दाबला. मागची चाकं धरून होती, पुढची मोकळीच घसरत होती. डोंगराच्या बाजूला बर्फाचा ढीग होता, त्यात आणि त्यामागच्या खडकात गाडी घुसली. दुसऱ्या बाजूला दरी होती. लेक मागच्या सीटवर होती. हे लिहिताना आजही हात थांबतो.

कुणाला लागलं नाही. फोन काढला तर रेंज नाही. आम्हा दोघांचीही सिमं प्रीपेड होती. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान एकाचं सिम आधीच पोस्टपेड करून घ्या. थोड्या वेळाने एक सुमोवाला थांबला. त्याने वाकून चाकांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "साब, इसमें चेन आगे लगती है."

आमच्या बोलेरो पिकअपला इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना तो पुढच्या चाकांना जातो. ज्या चाकाला जोर, त्या चाकाला साखळी. गाडी ताब्यात घेतानाच हे विचारून घ्या, साखळी त्याच टायरच्या मापाची आहे का तेही बघा. बांधल्यावर शंभर-दोनशे मीटरवर थांबून पुन्हा ताणायची, कारण ती सैल पडतेच. तीसच्या आत चालवायचं आणि कोरडं डांबर लागलं की काढायची. उतरताना आधीच खालचा गिअर टाकायचा. वळणात ब्रेक नाही. सावलीतला रस्ता नुसता ओला दिसत असला, तरी तो बर्फच आहे असं समजून चालायचं.

सुमोवाल्याने आम्हाला खाली आणलं. पैशाची गोष्ट त्यानंतरची. गाडीची पाटी पांढरी होती, म्हणजे ती खाजगी होती. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने देता येणाऱ्या गाडीची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. त्यामुळे बंपर, रेडिएटर, उचलून नेण्याचा खर्च, सगळं माझ्या अनामतीतून आणि वरून खिशातून गेलं. सहाशे रुपये स्वस्त पडते म्हणून ती गाडी घेतली होती.

माझं मत विचाराल तर गाडी टंगमर्गपर्यंतच न्या. तिथे लावा आणि वरचे तेरा किलोमीटर रोज तोच रस्ता चालवणाऱ्या माणसाच्या गाडीतून जा. त्यात कमीपणा कसला? आमच्या बैलाला शिंगाला धरायला आपण श्रीनगरच्या माणसाला सांगतो का?

पण सगळे ऐकत नाहीत. माझा भाचा या जानेवारीत जातोय आणि वरपर्यंत स्वतःच चालवणार म्हणतो. परवा त्याला घरी बोलावला. साखळी नव्हती, म्हणून गोठ्यातला कासरा दिला आणि त्याच्या स्विफ्टचं चाक दाखवून म्हटलं, "बांध." तो मागच्या चाकाकडे गेला.

"मामा, असं बघता काय?"

त्याला हाताला धरून पुढे आणला. अंधार पडेपर्यंत त्याने चार वेळा बांधलं आणि चार वेळा सोडलं.