तीन पत्तीतली ट्रेल इथे का हरते?

प्रश्न : दिवाळीत घरी तीन पत्ती खेळतो. पुण्याहून आलेल्या भावाने ‘टेक्सास होल्डेम’ पोकर शिकवला. माझ्याकडे तीन नव्व्या असूनही डाव त्याने घेतला. असं कसं?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : भावाचं बरोबर असणार. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सर्वांत मोठी. होल्डेममध्ये मात्र हात पाच पानांचा असतो, म्हणून क्रम बदलतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधोमध सर्वांसाठी आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक पान उघडतं. बोली चारदा लागते : एकदा उघडण्याआधी, मग प्रत्येक टप्प्यानंतर. सातांपैकी उत्तम पाच पानं धरायची.

समजा, मध्ये बदाम राजा, बदाम चौकी, इस्पिक नव्वी, किलवर राणी आणि बदाम दुर्री आहे. तुमच्या हातात चौकट व किलवर नव्वी, म्हणजे तीन नव्व्या झाल्या. भावाकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती. त्याची पाच बदामं, म्हणजे कलर. डाव त्याचा!

चढता क्रम असा : मोठं पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी अधिक जोडी), चार सारखी, एकाच रंगाचा सिक्वेन्स. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलटं.

खेळा चिंचोक्यांवर. पैसे लावून मोबाइलवर खेळायच्या खेळांवर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.